अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलेली जीभ

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला पाचवा नियम राजकारण आणि निवडणुकांबद्दलचा आहे. सरकारी कर्मचाऱ्याने कुठल्या पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, राजकीय चळवळीला वर्गणी द्यायची नाही, कुणाचा प्रचार करायचा नाही. मत देता येतं, पण ते कुणाला दिलं किंवा देणार आहोत याचा सुगावा कुणाला लागू द्यायचा नाही. घरातलं कुणी सरकार उलथवायच्या कामात पडलं असेल तर त्यालाही आवरायचा प्रयत्न करायचा.

नियमात वावगं काही नाही. तलाठी एका पक्षाचा झेंडा मिरवत सातबारा देऊ लागला तर कठीणच. पण परिणाम काय होतो ते पाहा. गावोगावची शिकलेली, कागद वाचता येणारी, सरकारचं पोट आतून पाहिलेली लाखो माणसं ऐन उमेदीची तीस-पस्तीस वर्षं राजकारणावर तोंड बंद ठेवून जगतात. निवडणुका हीच माणसं पार पाडतात. मतदान केंद्रावर आदल्या रात्री सतरंजीवर झोपतात, पहाटे उठून यंत्रं लावतात, शाई लावतात, रात्री उशिरा पेट्या जमा करून परततात. लोकशाहीचा मांडव घालायचा यांनी आणि पंगतीत बोलायचं दुसऱ्यांनी! मग अठ्ठावन्न पूर्ण होतात, शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून या माणसावर असा कुठलाच नियम नसतो. खासगी नोकरीतल्याला असा नियम नव्हता, पण साहेब होता. तिथेही हिशेब साधारण तोच.

त्यामुळे निवृत्त झालेला माणूस एकाएकी राजकारणावर बोलायला लागला की घरातल्यांना वाटतं, यांना आता उद्योग नाही. सून हसते. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता? एखादी आत्या सांगते, आता हरी हरी करायचं वय. ‘साठी बुद्धी नाठी’ तर तयारच असते. माझं म्हणणं असं की हा रस रिकामपणातून आलेला नसतो. तो आतच होता. बाहेर यायला त्याला वाट नव्हती. उशिरा आला म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र उशीर झालेला असल्यामुळे तो कुठे खर्च करायचा, याचा विचार तिशीतल्या माणसापेक्षा साठीतल्या माणसाला जास्त करावा लागतो. आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही.

वेळ मिळतो म्हणून म्हातारी माणसं राजकारण करतात, हे स्पष्टीकरण मला नेहमी अपुरं वाटतं. वेळ मिळतो हे खरंच, पण वेळ मिळाल्यावर माणूस सुडोकूही सोडवतो. खरं कारण असं दिसतं की चाळिशीपर्यंत मध्यमवर्गीय माणूस सरकारला पैसे देऊन टाळू शकतो. बस वेळेवर येत नाही, तर दुचाकी घ्या. पालिकेचा दवाखाना नको, तर कंपनीचा मेडिक्लेम आहे. नळाला पाणी नाही, सोसायटीत टँकर येतो. साठीनंतर या पळवाटा एकेक करून बुजत जातात. मेडिक्लेमचा हप्ता दर वर्षी फुगतो. दुचाकी मुलं चालवू देत नाहीत. मग रस्त्यावरून चालावं लागतं, आणि चालायला लागल्यावर कळतं की पदपथ गुडघ्याइतका उंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही उंची १५० मिलिमीटरच्या वर जायला नको. म्हणजे साधारण वीतभराहूनही कमी. आपल्याकडे एकावर एक थर चढत जातात, कारण जुने ब्लॉक न उखडता नवे बसवणं ठेकेदाराला सोयीचं. ज्या माणसाने तीस वर्षं पदपथाकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याचा गुडघा त्याला पालिकेच्या निविदेपर्यंत नेऊन सोडतो. याला मी राजकीय शिक्षण म्हणतो. उशिराचं, महागाचं, पण अस्सल.

रेल्वेचंही तसंच. साठ वर्षांवरच्या पुरुषांना तिकिटात ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या तोंडावर ती थांबवली, कारण तेव्हा म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये अशीच इच्छा होती. साथ सरली, गाड्या भरभरून धावू लागल्या, सवलत मात्र परत आली नाही. संसदेत उत्तर येतं की प्रत्येक प्रवाशाला तिकिटात आधीच सवलत मिळते आहे. या एका निर्णयाने जेवढे आजी-आजोबा अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीसमोर बसवले, तेवढे कुठल्याही पक्षाच्या सभेने बसवले नसतील.

आता या सगळ्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी चर्चेतलं उदाहरण. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. बोलताना सगळे ईपीएस-९५ म्हणतात. साखर कारखाने, एसटी, वीज मंडळ, सहकारी बँका, सूतगिरण्या, खासगी कंपन्या, असे सगळीकडचे लोक यात आहेत. देशभरात पंचाहत्तर लाखांहून जास्त पेन्शनर. हिशेबाचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. गोम ‘पेन्शनपात्र पगार’ या शब्दांत आहे. २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत त्याची मर्यादा महिना ६५०० रुपये होती, नंतर १५००० झाली. म्हणजे २०१० मध्ये निवृत्त झालेला साखर कारखान्याचा फिटर घ्या. हातात पगार कितीही असो, हिशेब ६५०० वर. १९९५ पासून पंधरा वर्षं धरली तर ६५०० गुणिले १५ भागिले ७०, उत्तर १३९३ रुपये. १९९५ पूर्वीच्या नोकरीपोटी मिळणारी किरकोळ भर धरली तरी महिन्याच्या औषधांना पुरत नाही. बरं, हा आकडा एकदा ठरला की ठरला. त्याला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १००० रुपये, तीही २०१४ पासूनची. त्याच्या आधी, २०१३ मध्येच, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ती किमान ३००० करावी असं सुचवलं होतं.

या लोकांची मागणी आहे साडेसात हजार आणि महागाई भत्ता. त्यासाठी बुलढाण्यात जिल्हाधिकारी कचेरीसमोर २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी साखळी उपोषण सुरू केलं आणि ते एक-दोन आठवडे नाही, वर्षानुवर्षं चालवलं. साखळी उपोषण का, तर सगळ्यांनी एकदम उपाशी राहायची प्रकृती कुणाची नाही. आज चौघं, उद्या दुसरे चौघं. मधुमेहवाल्याने कधी बसायचं, कुणी नुसतंच सोबतीला बसायचं, हे ठरवून चालवलेलं आंदोलन. आयुष्यभर युनियनच्या सभेत शेवटच्या रांगेत बसलेला माणूस इथे सत्तराव्या वर्षी मांडवात बसायला आला. दिल्लीला जंतरमंतरवर गेला. खासदाराच्या दारात उभा राहिला. आमच्या वर्तमानपत्रांत त्याला आतल्या पानावर दोन इंच जागा.

या आंदोलनाला कुणी म्हणेल, हा काय राजकीय सहभाग? हे तर स्वतःच्या खिशासाठी. हा आक्षेप मला दांभिक वाटतो. व्यापारी जीएसटीवर बोलतो तेव्हा त्याला आपण अर्थकारणाची जाण आहे म्हणतो. बिल्डर एफएसआयवर बोलतो तेव्हा त्याला शहर विकासाची दृष्टी असते. म्हाताऱ्याने आपल्या पेन्शनचं सूत्र विचारलं की मात्र तो स्वार्थी. शिवाय खिशापासून सुरू झालेलं राजकारण खिशातच संपतं असं नाही. २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संप केला, तेव्हा त्यातले बहुतेक तिशी-चाळिशीतले होते. आपलं म्हातारपण वीस वर्षं आधी दिसलं म्हणून ते रस्त्यावर आले. ज्यांना ते दिसत नाही, त्यांची संख्या अर्थात कितीतरी मोठी आहे: दुकानातले, गोदामातले, मोटारसायकलवरून जेवण पोचवणारे. त्यांच्यासाठी कुठलं सूत्र नाही, भागाकारच नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे दिल्लीहून येतात महिना २०० रुपये, आणि २००७ पासून या आकड्याला कुणी हात लावलेला नाही. वर राज्य आपली भर घालतं म्हणून बरं.

इथे मला माझ्याच युक्तिवादाला एक टाचणी लावायची आहे. वय वाढल्यावर राजकारणात रस येणं, ही मुळात खाऊनपिऊन सुखी वर्गाची गोष्ट आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी निघाला. साधारण १८० किलोमीटर, सहा दिवस. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या आदिवासी बायका त्यात मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांतल्या कितीतरी साठी ओलांडलेल्या. तळपायाची सालटी निघालेली छायाचित्रं तेव्हा सगळ्यांनी पाहिली. ११ मार्चच्या रात्री सायनच्या मैदानातून ते मुक्काम न करता निघाले आणि अंधारातच आझाद मैदानावर पोचले, कारण दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती आणि मुंबईची वाहतूक अडवायची नव्हती. त्या आजीबाईंना विचारा की राजकारणात तुम्हाला रस कधीपासून आला. प्रश्नच त्यांना कळणार नाही. वनजमिनीचा दावा, त्याची पोच, प्रांताच्या कचेरीतली खेप, पंचनामा, पुन्हा खेप, हे त्यांच्या लग्नापासून चालू आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याआधी कायदाही नव्हता, नुसता वनरक्षक होता. राजकारणापासून दूर राहण्याची चैन त्यांना एक दिवसही परवडलेली नाही. आपल्याला ती पस्तीस वर्षं परवडली, एवढाच फरक. म्हणून निवृत्तीनंतर जागं झालेल्या मध्यमवर्गाने फार कौतुकाची अपेक्षा करू नये. आपण उशिरा आलोय, रांगेत मागे उभं राहावं.

उशिरा येऊन काही फरक पडतो का? पडतो, आणि त्याची उदाहरणं आपल्याच घरातली आहेत. जयप्रकाश नारायण १९५० च्या दशकात पक्षीय राजकारण सोडून सर्वोदयात गेले होते. बिहारच्या विद्यार्थ्यांनी १९७४ मध्ये नेतृत्व करा म्हणून गळ घातली तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि प्रकृतीने खचलेले. १९७५ मध्ये आणीबाणी लागली, ते तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी होत्या दुर्गा भागवत, वय पासष्ट. तरुणपणी काही काळ गांधीजींच्या चळवळीत गेलेल्या, पण नंतरची चार दशकं लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातलं टेबल यांत काढलेल्या. व्यासपीठासमोर सत्ताधारी बसलेले असताना त्यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्यावर बोलायचं ते बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तीही एशियाटिकमधूनच. पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत प्रचाराच्या सभा घेत फिरले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. लोकप्रियता एवढी की गप्प बसले असते तरी कुणी विचारलं नसतं.

या तिघांना सत्तेचं पद मागायचं कारण नव्हतं. तरुण कार्यकर्त्याला पुढे तिकीट हवं असतं, त्यात गैर नाही, पण त्यामुळे त्याची जीभ थोडी बांधलेली राहते. मधल्या वयातल्याला मुलांचं शिक्षण, घराचा हप्ता. ज्याचं मागणं संपलं आहे असा माणूस सत्तेला अडचणीचा. बढती रोखता येत नाही, गडचिरोलीला बदली करता येत नाही, गोपनीय अहवालात शेरा मारता येत नाही. म्हातारपणाचं राजकीय मोल मला इथे दिसतं. अनुभवात तितकं नाही. अनुभव पुष्कळदा ‘आमच्या वेळी’ने सुरू होतो आणि तिथेच गोल फिरतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो तरुणांचा आहे. देश तरुणांचा, मग राज्य म्हाताऱ्यांचं का? जपानमध्ये एक चतुर्थांशाहून जास्त लोक पासष्टच्या पुढचे आहेत आणि सगळे पक्ष त्यांच्याच मतांमागे धावतात, अशी तिथल्या तरुणांची जुनी तक्रार आहे. आपल्याकडे ती वेळ आलेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६. म्हाताऱ्यांची मतपेढी इथे एवढी कमजोर की ‘लाडकी बहीण’मध्ये वयाची वरची मर्यादा पासष्ट ठेवली तरी कुठे खळखळ झाली नाही. सहासष्टाव्या वर्षी बहीण लाडकी राहत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. एसटीचा फुकट प्रवास मिळाला तो पंचाहत्तरीनंतर.

पण आक्षेपाचा दुसरा भाग मला पटतो. आपल्या पक्षांमधले नेते निवृत्त होतच नाहीत. झाले तर मुलाला बसवून होतात. वाढत्या वयातल्या राजकीय रसाची बाजू मांडताना मी यांची वकिली करत नाही. नगरसेवक व्हायला, सरपंच व्हायला एकविसावं वर्ष पुरतं. त्या जागा तिशीतल्या मुलामुलींना मिळाव्यात. साठीच्या माणसाने उमेदवारी अर्ज भरण्यापेक्षा निवडून आलेल्याचा हिशेब मागावा. सत्ता चालवायला दम लागतो, पाळत ठेवायला चिकाटी. पहिली गोष्ट वयाबरोबर कमी होते, दुसरी वाढते. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या एका ठरावावर दोन तास बोलणारे आजोबा पाहिले असतील तर चिकाटीचा पुरावा वेगळा द्यायला नको.

दुर्दैवाने ही चिकाटी आज जाते कुठे, तर मोबाइलमध्ये. पहाटे पाचला सुप्रभात, सहाला पहिलं फॉरवर्ड, सातला त्यावरून भांडण. चाळीस वर्षांचा मित्र ग्रुप सोडून जातो. कुठल्याशा देशात काय झालं, कुठल्या शतकात कुणी कुणाचं काय पाडलं, यावर तावातावाने बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या प्रभागाचं यंदाचं अंदाजपत्रक किती कोटींचं, हे सांगता येत नाही. पक्षांच्या माहिती विभागांना हा वर्ग फार सोयीचा आहे: वेळ भरपूर, भाषा चांगली, शब्दाला नातेवाइकांत वजन. फुकटचा प्रचारक. पस्तीस वर्षं नियमाने गप्प बसवलेला माणूस तोंड उघडतो आणि दुसऱ्याचंच वाक्य बोलतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आणि हे सगळ्या बाजूंचं आहे. कुणी एका पक्षाकडे बोट दाखवून सुटू नये.

उलट कामाची जागा कशी असते ते सांगतो. राज्य सरकारने २०१८ मध्ये आदेश काढला की जिल्ह्याच्या पातळीवरची कार्यालयं आणि महापालिका-नगरपालिकांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहू द्यावीत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. कुठे ती पाळतात, कुठे ‘साहेब साइटवर गेलेत’ ऐकून परतावं लागतं. ही सोय टिकवायलाही भांडावंच लागतं. एका सोमवारी अशा एका कार्यालयात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक उपअभियंता आणि जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातले एक माजी सहायक रस्त्याच्या कामाची फाईल पाहत बसले होते. दोघांचा चष्मा एकच, म्हणजे एकजण घरी विसरून आलेला. अभियंत्याने आधी कार्यारंभ आदेशाची तारीख पाहिली, मग दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने बिघाड दुरुस्त करून द्यायची मुदत. रस्ता तीन वर्षांच्या आत उखडला होता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. पालिकेने मात्र त्यावर नवं टेंडर काढलेलं. लेखावाले मोजमाप पुस्तिका सोडून डांबराच्या चलनांकडे वळले. डांबर तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघताना प्रत्येक टँकरचं चलन बनतं, त्यावर क्रमांक असतो. तेच चलन दोन वेगळ्या कामांच्या बिलांना जोडलं की एका टँकरवर दोन रस्ते होतात. त्यांनी वहीत क्रमांक उतरवून घेतले, दुसऱ्या कामाची फाईल मागितली. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याच्या चेहऱ्यावरून मला एवढंच कळलं की असे प्रश्न त्याला कुणी विचारत नाही.

तरुण कार्यकर्त्याला हे येणार नाही. त्याला घोषणा येतील, रील येईल. चलन कुठे जोडतात हे त्यालाच ठाऊक, ज्याने आयुष्यभर चलनं जोडली. सरकारने पस्तीस वर्षं पगार देऊन जी विद्या शिकवली, ती निवृत्तीबरोबर मोडीत निघते. ती लोकांच्या बाजूने वापरायची एवढंच.

मुंबई, पुणे आणि राज्यातल्या इतर अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं, आयुक्तांनीच मंजूर करायचं. सभागृह नाही, विरोधी पक्ष नाही, लक्षवेधी नाही. त्या काळात फाईल उघडून बघणारे कोण होते? पगारी कुणी नव्हतं. होते ते माहिती अधिकाराचे अर्जदार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला दोन रुपये, तीस दिवसांची वाट, मग पहिलं अपील. महाराष्ट्रात तर २०१२ पासून अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, जिथे प्रलंबित प्रकरणं गेल्या काही वर्षांत लाखाच्या घरात गेली. सुनावणीला नंबर लागेपर्यंत अपीलकर्ता हयात असेल का, हा साठीपुढच्या अर्जदारांतला नेहमीचा विनोद आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आणखी एक खुंटी मारली. व्यक्तीशी संबंधित माहिती नाकारणं आता अधिकाऱ्याला कितीतरी सोपं झालं आहे. निवृत्तांच्या संघटनांनी यावर ठराव केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि हे काम निरुपद्रवी नाही. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी जमिनींची प्रकरणं माहिती अधिकारातून खणत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी त्यांची हत्या झाली. ते तरुण होते. नरेंद्र दाभोलकर सदुसष्ट वर्षांचे, गोविंद पानसरे एक्क्याऐंशीचे. दोघांनाही सकाळच्या फेरीच्या वेळी गाठलं. कोल्हापुरात पानसरेंनी आणि एन. डी. पाटलांनी टोलविरोधी लढा चालवला तेव्हा दोघंही सत्तरी-ऐंशीच्या घरात होते, आणि अखेर तो टोल गेला. पानसरेंच्या हत्येनंतर तिथल्या लोकांनी दर महिन्याच्या वीस तारखेला ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू केला. म्हाताऱ्यांना कुणी हात लावत नाही या समजुतीवर विसंबू नये. म्हणूनच एकट्याने अर्ज करू नये. चार जणांच्या नावाने करावेत, पत्ता संस्थेचा द्यावा.

संस्था आहेत, त्यांची कमी नाही. महाराष्ट्रात गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा ‘फेस्कॉम’ नावाचा महासंघ आहे. वाढदिवस, सहली, हास्यक्लब, डॉक्टरांचं व्याख्यान, कोजागरी. हे सगळं हवंच. एकटेपणा हा रक्तदाबापेक्षा वाईट आजार आहे. पण बहुतेक ठिकाणी एक अलिखित दंडक असतो: इथे राजकारण नको. पक्षाचं नको, हे ठीक. पण त्याच्या नावाखाली पाण्याचंही नको, दवाखान्याचंही नको, पदपथाचंही नको असं होऊन बसतं. मग निवडणुकीआधी इच्छुक येतो, खुर्च्या-सतरंज्या देतो, हार घालून घेतो, आणि ‘राजकारण नको’ म्हणणारा संघ त्याच्या फलकाखाली बसून व्याख्यान ऐकतो. पाचव्या नियमाची सवय इतकी मुरलेली असते की निवृत्तीनंतरही माणसं तो स्वतःलाच लावत राहतात. जानेवारीत आयुक्तांचं अंदाजपत्रक यायच्या सुमाराला दोन सभा प्रभागाच्या खर्चावर घेतल्या तर कोजागरी बुडत नाही. पुण्यात नागरिकांनी आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची सोय २००६ पासून आहे. गावात ग्रामसभा आहे. तिथे बसायला लागणारी एकमेव पात्रता, म्हणजे शेवटपर्यंत बसणं, ज्येष्ठांकडे इतर कुणाहून जास्त आहे.

एक गोष्ट राहते, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. सोमवारच्या त्या टेबलाशी बाई नव्हती. सहसा नसतेच. स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा देणाऱ्या या राज्यात, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी महागाईविरुद्ध लाटणी-थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर आणल्या त्या राज्यात, निवृत्त झालेली बाई मात्र निवृत्त होत नाही. शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलेली मुख्याध्यापिका दुसऱ्या दिवसापासून नातवाची पूर्णवेळ आया होते. तीस वर्षं तिनेही मतदान केंद्रं सांभाळलेली असतात, हजेरीपटापासून पोषण आहाराच्या तांदळापर्यंत सगळा हिशेब तिला येतो. तिचा मुलगा आणि सून कामाला, कारण शहरात परवडेल असं पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही कारण त्याची मागणी प्रभागाच्या अंदाजपत्रकात कधी कुणी केलेली नाही. ती करायला जी बसली असती, ती घरी नातवाला वरण-भात भरवते आहे. दुपारी तीन ते पाच ही नेमकी शाळेची बस यायची वेळ. तेव्हा आजोबांनी यंदा पहिला अर्ज पदपथाचा न करता पाळणाघराचा करावा, आणि तो मंजूर होईपर्यंत सोमवारी बसथांब्यावर स्वतः उभं राहून फाईल बघायला आजीला पाठवावं. चलनं तिलाही जोडता येतात.